हिरवा बूथ, लाल बूथ आणि नेरूळचं घर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नाशिकच्या एका ४४ वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आहे. त्यांची बदली बेलापूरच्या कार्यालयात झाली आहे. यजमान घरूनच काम करतात, मुलगी जूनमध्ये नववीत जाईल, सासूबाई ७४ वर्षांच्या. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत यजमानांचं सोसायटीच्या ग्रुपवर वाजलं. त्यांना ग्रुपमधून काढलं, गणपतीत त्यांच्या घराचा आरतीचा मान हुकवला, मुलीचं नाव नाचाच्या कार्यक्रमातून गाळलं. तेव्हापासून यजमानांनी पण केलाय की नवं घर ‘आपल्या विचारांच्या’ वस्तीतच घ्यायचं. त्यांनी फॉर्म २० उतरवून घेतले, घोडबंदर रोड, नेरूळ आणि खारघर इथल्या बूथवार मतांची एक्सेल शीट केली आणि बूथांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. बाईंना पसंत पडलेलं नेरूळचं घर लाल निघालं आणि घोडबंदरचं हिरवं. सासूबाई म्हणतात, ‘देऊळ जवळ असावं आणि लिफ्ट चालावी, एवढं बघा.’ बाईंचा प्रश्न असा: ‘घर घेताना तिथलं राजकारण बघावं की नाही? की आमचं डोकं फिरलंय? मला आता कंटाळा आलाय.’

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना आधी हसूच आलं. फॉर्म २० म्हणजे बूथवार मतमोजणीचा तक्ता. उमेदवार, त्यांचे हिशेबी कार्यकर्ते आणि एखादा चिवट पत्रकार सोडला तर त्याच्या वाटेला कुणी जात नाही. तुमच्या यजमानांनी तो टू बीएचकेसाठी उघडला. शिवाय तुम्ही कंसात खुलासा केलाय, ‘रंग सिग्नलचे आहेत, पक्षांचे नाहीत.’ बरं झालं सांगितलंत, मी भलताच अर्थ काढायला निघाले होते.

मग मुलीचं वाचलं आणि हसू मावळलं. पंधरा दिवस तालमीला गेलेल्या पोरीला आदल्या संध्याकाळी ‘स्टेजवर जागा कमी पडतेय’ म्हणून सांगायचं, हा हलकटपणा झाला, मग करणारा कुठल्याही पक्षाचा असो. तुम्ही कुठल्या बाजूचे हे पत्रात लिहिलंय, ते मी वर मुद्दाम गाळलं. अशी पत्रं मला दोन्हीकडून येतात. नेत्यांची नावं झाकली तर कुठलं पत्र कुठल्या बाजूचं हे मलाही सांगता येणार नाही.

आता प्रश्नाकडे. राजकारण बघावं का? बघावं. त्यात डोकं फिरल्यासारखं काही नाही. घर घेताना आपण पाणी, शाळा, स्टेशन बघतो आणि या तिन्हींवर राजकारणाचा हात असतो. माझी तक्रार आहे ती तुम्ही राजकारण ज्या कागदावर शोधताय त्याबद्दल.

तुमचं हिरवं घोडबंदर आणि तुमचं लाल नेरूळ, दोन्ही एकाच लोकसभा मतदारसंघात येतात, ठाण्यात. मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली, बेलापूर अशा सहा विधानसभा मिळून तो होतो. म्हणजे दोन्ही घरांचा खासदार एकच. या मतदारसंघात २०२४ च्या लोकसभेला निम्म्याहून जेमतेम जास्त मतदार बाहेर पडले. उरलेले घरी होते, गावी होते किंवा लोणावळ्याला. कोपरखैरणे, घणसोली या बाजूला तर माथाडी कामगारांची कितीतरी घरं अशी, की राहायला इथे, सुट्टीला सातारा-सांगली आणि मतही तिकडेच. हे सगळे तुमच्या शीटमध्ये कुठल्याच रंगात नाहीत. पण तुम्ही राहायला गेलात की लिफ्टमध्ये भेटणार तेच.

यजमानांनी नेरूळला लाल कशावरून केलं? विधानसभेच्या आकड्यांवरून केलं असेल तर हे एकदा ऐका. नेरूळ बेलापूर मतदारसंघात येतं. २०२४ मध्ये तिथे भाजपच्या मंदा म्हात्रे आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे संदीप नाईक यांच्यात लढत झाली आणि ३७७ मतांनी निकाल लागला. संदीप नाईक निवडणुकीच्या तोंडावर भाजपमधून तिकडे गेलेले. त्याच वेळी शेजारच्या ऐरोलीत त्यांचे वडील गणेश नाईक भाजपच्या चिन्हावर उभे आणि विजयी. आता मला सांगा, नेरूळच्या एखाद्या बूथवर तुतारीला पडलेलं मत हे विचारांचं मत, नाईकांच्या घराचं मत, की मंदाताईंवरच्या नाराजीचं? फॉर्म २० मध्ये तिन्ही एकाच रकान्यात बसतात.

आणखी मागे जा. गणेश नाईक शिवसेनेत होते, मग राष्ट्रवादीत गेले, २०१९ ला भाजपमध्ये आले. २०१५ च्या पालिका निवडणुकीत राष्ट्रवादीने नवी मुंबईत १११ पैकी ५२ जागा जिंकल्या होत्या. त्यातले बहुतेक नगरसेवक २०१९ मध्ये नाईकांबरोबर भाजपवासी झाले. मतदार ज्या घरात होता त्याच घरात राहिला. ठाण्याची गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. शिवसेनेला पहिली सत्ता दिली ती १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेने. जून २०२२ मध्ये ती शिवसेना दुभंगली आणि इथले बहुतेक माजी नगरसेवक एकनाथ शिंद्यांबरोबर गेले. टेंभी नाक्यावर नवरात्रीच्या गर्दीत आधी जी माणसं दिसायची, तीच नंतरही दिसली. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत शिंद्यांची शिवसेना आणि भाजप ठाण्यात युतीत होते आणि खाडीच्या पलीकडे नवी मुंबईत एकमेकांविरुद्ध हातघाईवर. घोडबंदरहून नेरूळला जाताना वाटेत कुठे तरी मित्रपक्षाचा शत्रुपक्ष होतो. ही शीट वर्षभराने उघडलीत तर रंग पुन्हा भरावे लागतील, आणि घराचा हप्ता वीस वर्षांचा.

मग बघायचं काय? मी माझी फजिती सांगते, त्यातून लवकर कळेल.

मी ठाण्यात आले २००४ मध्ये. २०१३ च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीमागचा नाला तुंबला आणि तळमजल्यावरच्या दोन घरांत पाणी शिरलं. मी तावातावाने एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात गेले. बाहेर पत्र्याची शेड, खाली लांब लाकडी बाक. एकाच्या हातात मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाचा कागद, एका आजींना रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं होतं, एक रिक्षावाला टोइंगवाल्यांच्या नावाने बोटं मोडत बसलेला. आत टेबलाशी एक पोरगेला कार्यकर्ता लांबुडकी वही घेऊन बसला होता. नाव, इमारत, मजला, मोबाइल असं लिहून झाल्यावर त्याने विचारलं, ‘ताई, तुमचं मत कुठल्या शाळेत असतं?’ मी म्हटलं, साताऱ्याला. नऊ वर्षं झाली होती इथे येऊन, पण नाव हलवलंच नव्हतं. त्याने पेन वहीत ठेवलं, वही मिटली आणि इतकं गोड हसला की काय सांगू. ‘होऊन जाईल, ताई.’

आठ दिवस काही झालं नाही. मग आमच्या शेजारचे काका गेले. काका उघड विरोधी पक्षाचे. त्याच कार्यालयासमोरच्या चौकात त्यांनी माईकवरून त्या लोकप्रतिनिधीची सालटी काढलेली. पण घरात पाच मतं आणि पाचही समोरच्या शाळेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गाळ उपसायला माणसं हजर. काकांची मतं कुणाला जातात हे त्या पोराला पक्कं माहीत होतं. पुढच्या खेपेला एखादं इकडे वळलं तर वळलं, एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

त्या बाकावर कुणी कुणाला विचार विचारत नाही, यादी विचारतात. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. नाला सगळ्यांचाच तुंबतो. पण आपल्याकडे प्रभागाचं राजकारण असं चालतं आणि ते कुठल्याही रंगाच्या बूथवर तसंच चालतं. म्हणून घर कुठेही घ्या, पहिल्या महिन्यात फॉर्म ८ भरा. पत्ता बदलल्यावर नाव हलवायला तोच लागतो, ऑनलाइन भरता येतो. नाव एकाच ठिकाणी ठेवायचं हा कायदा आहे. ‘निवडणुका आल्या की बघू’ म्हणत बसू नका. जानेवारीतल्या महापालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर जागे झालेले माझ्या ओळखीचे तिघे त्या दिवशी घरी बसून होते आणि तिघेही राजकारणावर तासभर बोलू शकतात.

आता पक्ष बाजूला ठेवून काही गोष्टी बघा. यातली पहिली म्हणजे घर नेमकं कुणाच्या हद्दीत आहे. जाहिरातीत सगळी नवी मुंबईच असते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका, जिल्हा ठाणे. तुमच्या यादीतलं खारघर मात्र २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेत येतं, जिल्हा रायगड, लोकसभा मावळ. खारघर, कामोठे, कळंबोलीच्या लोकांना पालिकेने मालमत्ता कराची बिलं पाठवली ती स्थापनेपासूनची, मागच्या तारखेने. लोक म्हणाले, त्या काळात सेवा सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, दिल्या आणि आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरलं, मग हे दोनदा का? मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या भागातलं घर जुन्या मालकाकडून घेणार असाल तर थकबाकीचा आकडा कागदावर घ्या, तोंडी नको. या भांडणात सगळ्या पक्षांचे मतदार एका बाजूला होते, हेही बघा.

पाण्याचंही तेच. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि स्वतःची योजना असं चार ठिकाणचं पाणी जमवून शहर चालतं. शाई आणि काळू ही धरणांची नावं ठाणेकर इतकी वर्षं ऐकतोय की नात्यातली माणसं वाटावीत. घोडबंदरच्या सोसायटीत गेलात तर पाणी कसं आहे असं विचारू नका, ‘चांगलं आहे’ म्हणतील. एप्रिल आणि मे महिन्यांत टँकरवर किती खर्च झाला ते विचारा, मागच्या वर्षीचा हिशेब दाखवा म्हणा.

आता प्रभाग चार सदस्यांचा झालाय. ठाण्यात ३३ प्रभाग आणि १३१ नगरसेवक, नवी मुंबईत २८ प्रभाग आणि १११. म्हणजे तुमचे नगरसेवक बहुतेक चार असतील, आणि अनेकदा एकाहून जास्त पक्षांचे. काम झालं की चौघांचे फलक लागतात. झालं नाही तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पेव्हर ब्लॉकवर नाव कुणाचं आहे हे बघून काही कळत नाही. इस्त्रीवाल्याला किंवा किराणावाल्याला विचारा, ‘इथे काम असलं की लोक कुणाकडे जातात?’ चारांपैकी एकाचं नाव चटकन येतं. कधी पाचव्याचंच येतं. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत प्रशासक होते, नगरसेवक म्हणून कुणी नव्हतंच. तरीही काही माजी नगरसेवकांच्या दारातला बाक रोज भरलेला असायचा आणि काहींच्या कार्यालयाचं शटर महिनोन् महिने उघडलं नाही. तुम्हाला माहिती हवी असेल तर ती या सहा वर्षांत आहे.

अजून एक, जे तुमच्या शीटमध्ये कुठेच नाही आणि नवी मुंबईत राहायला येणाऱ्याने जाणून घ्यायलाच हवं. नेरूळचा तो टॉवर उभा राहायच्या आधी तिथे गाव होतं. अजून आहे, सेक्टरांच्या मध्ये, अरुंद गल्ल्यांचं. १९७० मध्ये सिडको झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांतल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना त्यातून आली. २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून मानवी साखळी झाली, पुढे बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव पडला, त्यात सगळ्या पक्षांचे झेंडे बाजूला ठेवून माणसं आली होती. तुमचं कार्यालय त्याच बेलापुरात आहे. दुपारच्या डब्याला शेजारी बसणारा सहकारी म्हात्रे, पाटील किंवा ठाकूर असला, तर गावठाणातल्या घरांबद्दल ‘ही सगळी अनधिकृत’ असं एका वाक्यात बोलून मोकळं होऊ नका. पक्षावरून भांडलेली माणसं महिनाभरात परत बोलतात. ही जखम वेगळी आहे. यजमानांना खरोखर स्थानिक राजकारणाचा अभ्यास करायचा असेल तर त्यांनी इथून सुरू करावा. एक्सेल लागणार नाही.

आता सोसायटी. तुम्हाला नाशिकमध्ये जे भोवलं ते प्रभागात नव्हे, सोसायटीत. मतदान केंद्र त्यात कुठेही नव्हतं. ग्रुपचे ॲडमिन दोन आणि सांस्कृतिक समितीतले एक गृहस्थ, असे तीन जण तुमच्याच पत्रातून दिसतात. दोनशे घरांच्या आवारात तीन. बाकीच्या घरांनी गप्प राहून वाईटच केलं, पण त्यांनी कुणाला मत दिलं त्यावरून ते गप्प बसले असं मला वाटत नाही. मुख्य गेटजवळ राहणाऱ्या माणसाशी वाकडं घ्यायला कुणालाच नको असतं.

तेव्हा नव्या सोसायटीत हे बघा. घर विकणाऱ्या सभासदाकडून मागच्या दोन वार्षिक सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त मागून घ्या. बहुतेक लोक त्यात देखभाल खर्च आणि सिंकिंग फंड शोधतात. तुम्ही एक ओळ शोधा, ‘अमुक सदनिकाधारकांनी विरोध नोंदवला’. अशी ओळ असली आणि तो सदनिकाधारक अजून तिथेच सुखाने राहत असला, तर घर बघण्यासारखं आहे. दोन्ही वर्षं सगळे ठराव ‘सर्वानुमते, टाळ्यांच्या गजरात’ मंजूर असले तर मी जरा थांबेन. गेटवरच्या कमानीत कमिटीतल्या कुणाचा ‘भावी नगरसेवक’ म्हणून फोटो आहे का आणि त्या फलकाचे पैसे कुणी भरले, हेही जाता जाता विचारा. आणि एक प्रश्न अगदी सहज टाका: ‘२३ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेचा निकाल लागला त्या दिवशी, तुमच्या ग्रुपवर काय झालं हो?’ समोरचा हसला तर ठीक. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं तर उत्तर मिळालं.

घर लगेच विकत घेण्यापेक्षा आधी ११ महिने भाड्याने राहून बघा. त्या काळात पावसाळा बहुतेक येतोच, गणपती येतो आणि सप्टेंबरअखेरच्या आत सर्वसाधारण सभाही होते. भाडेकरूला सभेत बसता येत नाही, पण सभेनंतर जिन्यात जे चालतं ते ऐकू येतं. तेच जास्त कामाचं.

इथे मला मध्येच थोडं थांबायचं आहे, कारण हे उत्तर वाचणाऱ्यांत काही जण असे असतील, ज्यांची काळजी तुमच्यापेक्षा फार खोल आहे. आडनाव ऐकून ज्यांना एजंट ‘मालकांना विचारून सांगतो’ म्हणतो आणि परत फोन करत नाही. नवरा-बायकोचे धर्म वेगळे असलेले, किंवा घरात मासे शिजणार म्हणून ज्यांना नकार मिळतो असे. कुणी मराठी म्हणून, कुणी मराठी येत नाही म्हणून. त्यांना मी ‘शेजारी चांगले असतात हो’ असं सांगणार नाही. त्यांनी परिसर निवडताना वातावरण बघायलाच हवं, पण तेही नकाशावर नाही. आपल्यासारखं एखादं कुटुंब त्या इमारतीत किंवा शेजारी राहतंय का ते शोधावं आणि थेट त्यांच्याकडे चहाला जावं. एका तासात जे कळतं ते कुठल्या तक्त्यात मिळत नाही. विकत घेतलेल्या घराचं सभासदत्व सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ मध्ये ते स्पष्ट आहे आणि सहकार निबंधकांकडे दाद मागता येते. कायदा सभासदत्व मिळवून देतो, आरतीचं ताट नाही. पण हातात काहीच नाही असं समजू नये.

आता जरा कडू बोलते. तुमच्या पत्रात नाशिकच्या ग्रुपवरची वाक्यं अवतरणात आहेत, एकूण सहा. सगळी त्यांची. यजमानांचं एकही नाही. ‘यांनी आपलं मत मांडलं’, एवढंच. काय मांडलं? किती वाजता? मतदानाच्या दिवशी त्यांनी ‘काही’ फॉरवर्ड टाकल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. काही म्हणजे किती, दोन की वीस? माझा यजमानांवर राग नाही. घरून काम करणाऱ्या माणसाला दिवसभर बोलायला ग्रुपच असतो, हे मी माझ्या घरातही बघते. पण ज्या ग्रुपवर लोक पाणी कधी येणार ते बघायला येतात, तिथे कुठल्याही बाजूचं वीसावं फॉरवर्ड पडलं की वस्ती कुठलीही असो, कुणीतरी भडकणारच. हिरव्या बूथवर फार तर भडकणारे वेगळे असतील. हे त्यांना तुम्ही सांगू नका, भांडण होईल. हवं तर हा परिच्छेद वाचायला द्या आणि शिव्या मला बसू देत.

दुसरं, पत्रभर ‘आम्हाला’ आहे. आम्हाला वाटतं, आम्हाला भीती, आम्हाला हवं. ‘मला’ फक्त दोनदा आलंय. एकदा नेरूळचं घर पसंत पडलं तिथे आणि एकदा ‘कंटाळा आलाय’ तिथे. घोडबंदरच्या हिरव्या घराची किंमत रोज कोण मोजणार ते बघू. कासारवडवलीच्या बाजूने सकाळी ठाणे स्टेशन गाठायचं म्हणजे रस्त्याच्या मर्जीने पाऊण तास, कधी तास. मग ट्रान्स हार्बरची गाडी, ऐरोली, घणसोली, तुर्भे करत बेलापूर, म्हणजे आणखी पाऊण तासाच्या आसपास. संध्याकाळी तेच उलटं. यजमान तेव्हा घरात. नेरूळहून बेलापूरला जाताना मध्ये फक्त सीवूड्स लागतं. त्यांच्या मनःशांतीसाठी तुम्ही रोज तीन तास गाडीत आणि बसमध्ये काढायचे, असा हा व्यवहार आहे. तो करायचा तर करा, नवरा-बायकोत याहून मोठे व्यवहार होतात. फक्त त्या शीटमध्ये तो रकाना नाही, तो घालून घ्या: ‘हिने घर सोडायची वेळ, हिने घरी पोचायची वेळ’. त्यालाही सिग्नलचे रंग द्या म्हणावं.

मुलीलाही एकदा विचारा. तिच्याबद्दल पत्रात बरंच आहे, तिचं असं काही नाही. ती कदाचित म्हणेल की नव्या ठिकाणी गणपतीत नाचायचंच नाही. कदाचित म्हणेल की बाबांनी ग्रुपवर लिहू नये. त्या वयाच्या मुलांना आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळलेलं असतं.

तुमच्या जागी मी असते तर येत्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला यजमानांना घेऊन नेरूळच्या त्या इमारतीत पुन्हा गेले असते. एजंटला न कळवता. खाली बाकावर बसायचं, मुलं काय खेळतात, वॉचमनला कोण कसं हाक मारतं ते बघायचं. इस्त्रीवाल्याशी बोलायचं. मग विकणाऱ्यांना फोन करून इतिवृत्त मागायचं, आणि ते विकण्याआधी वर्षभर भाड्याने देतील का तेही. यजमानांनी बरोबर शीट आणली तरी चालेल, त्यांना तिथे बसून रंग बदलावेसे वाटले तर लॅपटॉप जवळ असलेला बरा. आणि घर तोवर गेलेलं असलं तर हळहळू नका, त्याच सेक्टरमध्ये दुसरं बघा.

सासूबाईंच्या दोन अटींपैकी देवळाची काळजी नको, नेरूळमध्ये ते चालत जाण्याच्या अंतरावर सापडेल. लिफ्टचं मात्र विचारून घ्या. वीज गेली की जनरेटरवर एक तरी चालते का, आणि शेवटची बंद पडली होती तेव्हा किती दिवस पडली होती.